सुरमईच्या डब्यातलं इंजेक्शन

आमच्या किचनमध्ये चहाचा डबा वरच्या फळीवर असतो. मी या फ्लॅटमध्ये राहायला येण्याच्या आधीपासून तो तिथे आहे आणि श्यामलाताईंनी ठेवलेला असल्यामुळे तो तिथेच राहणार हे ठरलेलं आहे. एकदा मी तो ओट्यावर ठेवला, तर त्यांनी काही न बोलता उचलून परत वर ठेवला आणि मग दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यामुळे त्या सकाळी ड्युटीच्या घाईत मी वरच्या फळीवर हात फिरवला आणि डबा हाताला लागेना, तेव्हा माझं डोकंच फिरलं. डबा खाली ओट्यावर होता, साखरेच्या शेजारी.

"ताई, चहा खाली कोणी आणला?"

"मी. का? समोर दिसतोय ना? मग घे की."

मी घेतला. पण चहा उकळेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मी विभा. सौदीतल्या खमीस मुशैतच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते आणि हाडं किती भरीव राहिलीत ते मोजणारं मशीन चालवते. दिवसभर बायकांची हाडं बघायची, हा माझा धंदा. इथल्या म्हाताऱ्या बायका मशीनवर आडव्या होता होता तक्रार करतात, की अबाया, म्हणजे अंगावरचा काळा झगा, लांब झाला, जमिनीला घासतो, शिंप्याने घोळ केला. शिंप्याने काही केलेलं नसतं. कापड वाढत नाही, बाई आखडते. पाठीचे मणके आतल्या आत दबत जातात आणि बाईला वाटतं घरातल्या फळ्याच कोणीतरी वर सरकवल्या. श्यामलाताईंच्या अबायाच्या काठाला त्या आठवड्यात चिखल होता. खमीसला तेव्हा पाऊस चालू होता, त्यामुळे चिखलाचं मी मनावर घेतलं नव्हतं. चहाच्या डब्याने सगळं जुळवून दिलं.

श्यामलाताई मूळच्या हर्णैच्या. नवरा गेला तेव्हा त्यांचा मुलगा सुमीत शाळेत होता. त्याला धाकट्या बहिणीकडे, अहिल्याकडे सोपवून त्या नर्स म्हणून इथे आल्या, फक्त दोन वर्षांसाठी. सगळेच फक्त दोन वर्षांसाठी येतात. सुमीत शिकला, पुण्यात नोकरीला लागला, लग्न झालं, मुलगी झाली, तरी ताई इथेच. का राहिलात म्हणून विचारलं तर म्हणतात, "घरी जाऊन काय करू? भिंतींना इंजेक्शनं देऊ?" सुमीतच्या घरी त्यांच्यासाठी खोली आहे. पण ती त्यांना पाहुण्यांची खोली वाटते, आणि इथली तळमजल्यावरची इंजेक्शन रूम स्वतःची वाटते. ती गेली तर आपण कोण, हे त्यांना माहीत नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही, पण एका छताखाली राहिलं की कळायचं ते कळतं.

त्या खोलीत त्यांचा दरारा आहे. डॉ. उमामा, आमच्या पाकिस्तानी डॉक्टरीण बाई, पाळी गेलेल्या बायकांच्या ठिसूळ हाडांवर औषध लिहून देतात आणि पुढचं श्यामलाताई बघतात. काहींना आठवड्याची गोळी असते. ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास ताठ बसून राहायचं, आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजून निघते. इथल्या बायका ती कहव्याबरोबर, खजुराबरोबर घेतात आणि परत झोपतात. मग पोट धरून येतात. अशा बायकांना दंडात किंवा पोटावर दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन देतात, डेनोसुमॅब नावाचं. औषध चांगलं आहे. पण त्याची एक खोड आहे. गोळी बंद केली तरी तिचा अंश हाडात काही काळ राहतो, या इंजेक्शनचं तसं नाही. मुदत उलटून गेली आणि पुढचं घेतलं नाही, तर इतके दिवस थोपवून धरलेली झीज एकदम सुटते आणि पूर्वीपेक्षा जोरात सुरू होते. मणके पटापट दबतात.

म्हणून ताई फोन करतात. हे त्यांचं काम नव्हे, कोणी सांगितलेलंही नाही. चुकलेल्या प्रत्येक बाईला त्या स्वतः फोन लावतात आणि व्याकरण नसलेल्या अरबीत झापतात. उम्म सालेह नावाची एक म्हातारी तर त्यांची खास. ती दर वेळी "बुकरा, इन्शाल्ला" म्हणते, म्हणजे उद्या येते. ताई म्हणतात, "मा फी बुकरा! यल्ला, आज ये." म्हणजे उद्याबिद्या काही नाही, चल, आजच ये. उम्म सालेह एकदा वैतागून म्हणाली, तू काय माझी सासू लागतेस? ताई म्हणाल्या, हो, लागते. तेव्हापासून उम्म सालेह सगळ्यांना सांगते, माझी सासू हिंदी आहे आणि माझ्यापेक्षा लहान आहे.

आता ताईंचं स्वतःचं. त्यांचं गर्भाशय चाळिशीतच काढावं लागलं, बीजकोशांसकट. पाळी अशी अवेळी गेली की हाडांची घसरणही अवेळी सुरू होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चार वर्षांपूर्वी सुट्टीत दापोलीच्या डॉक्टरांनी तपासणी करायला लावली आणि आकडे वाईट आले. गोळ्या सुरू केल्या, त्या पोटाला सोसल्या नाहीत, मग इंजेक्शन. तेव्हापासून त्यांची पद्धत ठरलेली. सुट्टी दर मे महिन्यात. एक इंजेक्शन दापोलीला टोचून घ्यायचं आणि नोव्हेंबरचं बर्फाच्या पिशव्यांमध्ये घालून थर्मासमधून इथे आणायचं. इथे फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या चटणीच्या मागे, ते खोकं सहा महिने उभं असायचं. नोव्हेंबर आला की त्या स्वतःच पोटावर टोचून घ्यायच्या आणि कामाला जायच्या.

आखातातल्या आपल्या लोकांची ही जुनी सवय आहे. दात, डोळे, गुडघे, रक्त, सगळं सुट्टीत. वर्षभराची औषधं बॅगेतून. तळमजल्यावर फुकटात मिळणारं औषध ही बाई समुद्रापलीकडून आणत होती, याचं कारण मात्र सवय नव्हे, भीती. काही वर्षांपूर्वी केरळची एक सिस्टर पाठदुखीने रजेवर गेली आणि परत आली नाही. तिला पाठीमुळे काढलं, अशी बोलवा उठली. खरं-खोटं कोणी तपासलं नाही. पण ताईंनी ते मनात पक्कं धरलं. स्वतःच्या दवाखान्यात स्वतःचं नाव लावायचं नाही, हाडांचं तर नाहीच.

"माझी पाठ यांना कळली की कॉन्ट्रॅक्ट खलास," त्या म्हणायच्या. "सरळ फायनल एग्झिट, कायमचं घरी."

गेल्या मे महिन्यात त्या सुट्टीवरून आल्या तेव्हा बरोबर मोठा थर्मोकोलचा डबा होता. आमचा बसड्रायव्हर सिराजुद्दीन तो जिन्यावरून वर घेऊन आला आणि धापा टाकत म्हणाला, "सिस्टर, इसमें मछली है या पत्थर?" सुरमई होती. अहिल्या दर वर्षी हर्णैच्या बंदरावर जाऊन स्वतः बघून घेते, तुकडे करते, हळद-मीठ लावते आणि कोणाच्या तरी मोठ्या फ्रीझरमध्ये दोन दिवस कडक गोठवून देते. त्यातले दोन तुकडे सिराजुद्दीनला जातात, बाकी आम्ही पुरवून पुरवून खातो.

मी डबा उघडला. ताई थर्मास शोधत होत्या. थर्मास बॅगेत होता, पण रिकामा.

"अगो, इंजेक्शन कुठे ठेवलंन हिने?"

ते सुरमईच्या मधोमध होतं. खोक्याच्या वर खाली मासे, बाजूने बर्फ, वरून पुन्हा प्लास्टिकची पिशवी बांधलेली, इतकं निगुतीने की मला हसू आलं. अहिल्याला थंड ठेवायचं एवढंच माहीत होतं. थर्मासमध्ये ते जेमतेम गार राहतं, मग विमानाच्या एवढ्या लांबच्या प्रवासात काय टिकणार? बहिणीचं औषध आहे, थंड म्हणजे चांगलं थंडगार हवं, म्हणून तिने ते थर्मासातून काढून माशांत पुरलं होतं.

ताईंनी खोकं फोडून सुई उजेडात धरली. आतलं औषध पांढरं, घट्ट झालेलं. हे औषध गार ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. एकदा गोठलं की ते गेलं, मग कितीही वितळवा. इंजेक्शन रूममधल्या फ्रिजवर तसा कागदच लावलेला आहे, ताईंच्याच अक्षरातला.

तेवढ्यात अहिल्याचा फोन आला. "पोचलं मा नीट? बर्फ टिकला?"

"टिकला म्हणजे?" ताई म्हणाल्या. "अगदी दगड होता."

"बघ! मी म्हटलंच होतं. थर्मासाचं काय खरं नाय."

"नाय तर काय," ताई म्हणाल्या आणि ती सुई कचऱ्याच्या डब्यात न टाकता परत खोक्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवून दिली.

मी तेव्हाच म्हटलं, ताई, नोव्हेंबरला वेळ आहे, सरळ डॉ. उमामांकडे जा. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, गावाहून कोणी येणारं असेल तर मागवते. येणारे होते. पण दुसऱ्याच्या बॅगेतून इंजेक्शन आणायचं म्हटलं की लोकांना कस्टमवाले दिसतात. चकल्या आणतो म्हणाले, औषध नको. नोव्हेंबर आला. ताई म्हणाल्या, डिसेंबरात बघू. डिसेंबरात इथे थंडीने रजया काढाव्या लागतात आणि सगळ्यांचीच पाठ धरते, म्हणून तेव्हा त्यांचीही धरली असं त्या म्हणाल्या. जानेवारीत म्हणाल्या, आता मे महिना काय लांब आहे? मी दोन वेळा बोलले, तिसऱ्या वेळी त्या माझ्या अंगावर ओरडल्या, आणि खरं सांगायचं तर मीही दमले. दिवसभर परक्या बायकांना समजावायचं आणि घरी येऊन नर्सला समजावायचं. त्या सगळ्या दिवसांत त्या रोज खाली बसून बायकांना फोन करत होत्या. मा फी बुकरा. यल्ला.

चहाचा डबा खाली आला त्याच आठवड्यात, दुपारी, मला इंजेक्शन रूममधून फोन आला.

"विभा, जरा खाली ये. चाकाची खुर्ची घेऊन ये."

मला वाटलं उम्म सालेहला चक्कर आली, कारण तिच्या इंजेक्शनची तारीख त्या दिवशी होती. मी खुर्ची ढकलत गेले. बघते तर उम्म सालेह उभी, आणि पेशंटच्या खुर्चीत श्यामलाताई. तोंड पांढरंफटक. म्हातारीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरलेला होता आणि ती एकसारखं काहीतरी पुटपुटत होती. ताईंनी जड काही उचललं नव्हतं. खिडकी ओढून लावायला गेल्या, एवढंच.

"कुणासाठी खुर्ची?" मी तरी विचारलं.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या.

एक्स-रेच्या खोलीत त्यांना टेबलावर घेताना त्या एकदाच ओरडल्या. मग मी कॉम्प्युटरपाशी आले आणि नाव टाइप करायला लागले.

"माझं नाव घालू नको."

"ताई, नाव घातल्याशिवाय फोटो निघत नाही."

"मग उम्म सालेहच्या नावावर काढ. तिचं नाहीतरी आज आहेच."

मी टाइप करायचं थांबवून त्यांच्याकडे वळले. ही बाई नवशिक्या पोरींना पेशंटचं नाव दोनदा विचारायला लावते. "तुमचे मणके तिच्या नावावर लावू? आणि उद्या तिच्या पाठीला पट्टा बांधतील ते चालेल?"

त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे उतरलं. "विभा, मला घरी पाठवतील गो," त्या म्हणाल्या. सिस्टरांची सिस्टर, सगळ्या तळमजल्याची सासू, आणि आवाज अगदी लहान मुलीचा. मला रडू आलं, पण मी नाव टाइप केलं. श्यामला, आडनाव, वय, सगळं.

बाजूने बघितलं की मणका विटेसारखा चौकोनी दिसायला हवा. कमरेच्या वर दोन विटा पुढून दबून पाचरीसारख्या झाल्या होत्या. हे एका खिडकीचं काम नव्हतं. एक मणका आधीच कधीतरी दबला असणार, रजयांच्या दिवसांत.

डॉ. उमामा स्वतः खाली आल्या. ताई गावाकडचं इंजेक्शन घेतात एवढं मी त्यांना फोनवर सांगून टाकलं होतं. फोटो बघितला, स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "सिस्टर, आपका अपना इंजेक्शन आख़िरी बार कब हुआ?"

"पिछले मई में."

"और नवंबर वाला?"

ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "मछली के साथ जम गया था, डॉक्टर."

डॉक्टर हसल्या नाहीत. पुढचं काही विचारलंही नाही, आणि "सबको तो आप ही फ़ोन करती हैं" हे वाक्य, जे माझ्या जिभेवर होतं, ते त्यांनी उच्चारलं नाही. त्यासाठी मी त्यांना मानते. त्यांनी पुढचं सांगितलं. आज रक्तातलं कॅल्शियम बघायचं, ते ठीक असेल तर लगेच इंजेक्शन पुन्हा सुरू करायचं. यापुढे तारीख चुकवायची नाही. कधी बंद करायचंच झालं तर मनाने नाही, त्याच्या जागी वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते औषध देऊन, म्हणजे हाडं पुन्हा अशी सुटणार नाहीत. दबलेले मणके परत वर येणार नाहीत. दुखणं कमी होईल. ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही.

"और मेरा कॉन्ट्रॅक्ट?" ताईंनी विचारलं. त्यांना बाकी काही ऐकूच आलं नव्हतं.

"काम बैठके भी होता है," डॉक्टर म्हणाल्या. "मैं लिख दूँगी."

मुदतवाढीची वेळ पुढच्याच महिन्यात होती. त्या दिवशी मी ताईंबरोबर ऑफिसात गेले, पट्टा बांधलेल्या बाईला एकटं कसं सोडायचं. तिथल्या माणसाने इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, मागितला, पासपोर्ट मागितला, फोनवर बोलता बोलता सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. पाठीचं नाव कोणी काढलं नाही. पट्ट्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या केरळच्या सिस्टरचं मी हळूच विचारलं, तर तो म्हणाला, ती ना? तिचं लग्न ठरलं होतं.

घरी येऊन ताई खुर्चीत बसल्या.

"म्हणजे उगाच?" त्या म्हणाल्या.

"हो ताई, उगाच."

खोटं सांगून उपयोग नव्हता. दोन मणके एका बोलवेपायी गेले होते, आणि हे त्यांना माझ्याआधीच कळलेलं होतं. मी चहा ठेवला. दुसरं काय करणार? त्यांनी तो प्यायला, आणि कप ठेवायला उठताना ओट्याचा आधार घेतला.

इंजेक्शन त्यांनी आपल्याच खोलीत, पेशंटच्या खुर्चीत बसून घेतलं. निधी नावाच्या नव्या मुलीने दिलं. तिला ताईंनी सुई कशी धरायची इथपासून झापलं, तरी स्वतःचा दंड मात्र घाबरत पुढे केला. आता त्या खोलीत त्या बसून काम करतात. खिडकी निधी लावते. फोन अजून ताईच लावतात, आवाज थोडा उतरला आहे. परवा मी ऐकलं, उम्म सालेहच्या सुनेला त्या म्हणत होत्या, उद्यावर टाकू नको, मी टाकलं होतं.

किचनमधल्या वरच्या फळ्या मी एका सुट्टीत रिकाम्या केल्या. डाळी, पोहे, मसाले, सगळं हाताच्या उंचीवर आणलं. मला वाटलं होतं भांडण होईल. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या. एकदाही अडवलं नाही, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं. फ्रिजच्या दारातलं ते जुनं खोकं मीच टाकून दिलं.

आता एप्रिल संपत आला आहे. काल अहिल्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण ताईंना आता हात फार वेळ वर धरवत नाही.

"यंदा डबा मोठा बघून ठेवलंय. औषध पण आणून ठेवू ना? मी बरोबर बांधून देतंय, बर्फात."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून मेथी निवडत होते.

"औषध नको गो. ते आता इथेच देतात मला. आपल्याच दवाखान्यात."

"का? माझ्या हातचं काय वाईट झालं व्हतं?"

"वाईट कशाला? उत्तम व्हतं."

"मग त्या जागेत अजून दोन तुकडे मावतील."

"अहिल्ये," ताई म्हणाल्या, "सुरमई थोडीच दे. डबा मला उचलायचा नाय."

अहिल्याने विचारलं, "का गो? काय झालं?"

ताईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली, त्यात पाठ टेकून ताठ बसल्या आणि बहिणीला सगळं सांगितलं. मणके, पट्टा, खिडकी, नोव्हेंबरात आळस केला तो, नोकरीची भीती वाटली ती. काही लपवलं नाही. फक्त बर्फाचं तेवढं सोडून दिलं.